नाना फडणवीस आणि दौलतीचे दप्तर



आमच्या माहितीतील एका शाळेत काही वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. शाळेतील सर्व संगणक एकमेकांस जोडून त्यांचे जाळे केलेले होते, आणि मुलांचे गुण, जन्मतारखा व दाखल्यांच्या नोंदी हे सर्व त्यांपैकी एका मुख्य संगणकात साठविलेले होते. त्या संगणकाचा परवलीचा शब्द एकाच गृहस्थास ठाऊक होता. गृहस्थ मोठे दक्ष. तो शब्द त्यांनी कधी कोणास सांगितला नाही, कोठे लिहूनही ठेविला नाही. एके दिवशी त्यांस अर्धांगवायूचा झटका आला व त्यांची वाचा गेली. परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज करावयाचा म्हणून एका शेतकऱ्याची मुलगी आपल्या दाखल्याची वाट पाहत होती. तिचे वडील एसटीने तीन वेळा गावाहून आले आणि तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेले. चोरापासून राखलेली माहिती मालकासही मिळेना. मुलीस दाखला मिळाला खरा, परंतु तोपर्यंत अर्जाची मुदत टळून गेली होती.

त्या दिवसापासून आम्हांस वारंवार आठवण होते ती नाना फडणवीसांची. नानांचे चरित्र शाळेत सर्वांनी वाचलेले असते. साडेतीन शहाण्यांपैकी एक, बारभाईंचे सूत्रधार, खर्ड्याचे विजेते, इतके सर्वांस पाठ असते. परंतु नाना मुळात होते दप्तराचे अधिकारी. माहिती कोठे ठेवावी, कोणास दाखवावी, कोणापासून लपवावी व एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सुखरूप कशी न्यावी, हाच त्यांचा जन्माचा उद्योग होता. संगणकाचे जाळे आखणाऱ्यास आज जे प्रश्न पडतात तेच प्रश्न नानांनी कागद, शाई, लाख आणि जासूद एवढ्या साधनांनी सोडविले. काही उत्तम सोडविले. एक मात्र त्यांच्या हातून सुटला नाही. त्या दृष्टीने हे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नानांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. त्यांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या विश्वासातील होते, व १७१९ साली दिल्लीच्या दंग्यात ते मारले गेले. फडणिशीचे काम या घराण्याकडे चालत आले. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या या मुलाच्या खांद्यावर दौलतीचे लिखाण येऊन पडले. आमच्या शाळेत नववीत बसणाऱ्या मुलाचे ते वय. फडणीस हा शब्द फर्दनवीस या फारसी शब्दावरून आला. फर्द म्हणजे हिशेबाचा ताव, आणि तो लिहिणारा तो फर्दनवीस. परंतु काम नुसते लिहिण्याचे नव्हते. सरकारातून जाणारी सनद, येणारा वसूल व दिला जाणारा पैसा, यांपैकी काहीही फडणिसाच्या दप्तरात नोंद झाल्यावाचून पुरे होत नसे.

प्रकृतीने नाना किरकोळ, युद्धाची हौस मुळीच नाही. तरीही एकोणिसाव्या वर्षी ते भाऊसाहेबांबरोबर पानिपतास गेले. आई व पत्नी यांसही उत्तरेतील तीर्थयात्रा घडावी म्हणून बरोबर घेतले होते. १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून ते जवळजवळ उघड्या अंगाने, पायी, वाट चुकत निसटले. पत्नी पुढे सुखरूप भेटली; आई मात्र पुन्हा दिसली नाही. हा सारा वृत्तान्त त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेविला आहे, आणि आपली भीती, आपली असहायता यांवर त्यात पांघरूण घातलेले नाही. एवढा गूढ पुरुष स्वतःविषयी इतके मोकळेपणाने लिहितो, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

पानिपतात मराठ्यांचा पराभव झाला त्यास कारणे अनेक; त्यांत एक हे की शेवटल्या महिन्यांत छावणीचे दक्षिणेशी दळणवळण तुटले होते. नर्मदेपार येऊन पोहोचलेल्या पेशव्यांस आपल्या पुत्राचे व भावाचे काय झाले हे निश्चित कळेना. अखेर वार्ता आली ती एका सावकारी पत्रातून. त्या पत्रात युद्धाचा उल्लेखच नव्हता. मोती गळाल्याचा, मोहरा हरविल्याचा व खुर्दा अगणित गेल्याचा तो व्यापारी हिशेब होता. ज्यास संकेत ठाऊक त्यासच समजावे की मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे शिपाई. पत्र वाटेत शत्रूच्या हाती पडले असते तरी त्यास एका सराफाच्या नुकसानीपलीकडे काही कळते ना. आज संगणक आपला मजकूर परक्यास निरर्थक वाटेल अशा रूपात पाठवितो; तत्त्व तेच आहे, केवळ गणित अवघड झाले आहे.

दुसरा धडा दोनच वर्षांनी मिळाला. १७६३ साली निजामअलीची फौज पुण्यावर चालून आली. आमचा हा हिंगोलीचा मुलूख त्या काळी निजामाच्याच राज्यात मोडत असे. ज्या घरांची खंडणी भरली गेली ती वाचली. बाकीची जाळली किंवा पाडली गेली. त्या आगीत सरकारी दप्तराचा फार मोठा भाग नष्ट झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात गोदाकाठी राक्षसभुवनास माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला व झालेल्या अपमानाची भरपाई करून घेतली. परंतु जळालेला कागद कोणत्याही विजयाने परत येत नाही. माधवरावांच्या हाती खरी सत्ता आली ती येथपासून, आणि नानांसही आपले काम मन लावून करण्यास अवसर मिळाला. पेशवे मोहिमेवर गेले म्हणजे चुलत बंधू मोरोबादादा बहुधा लष्कराबरोबर असत व नाना पुण्यात राहून कारभार पाहत.

आता हे दप्तर कसे चालत असे ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच नानांच्या हाताखालची शिस्त दिसते. हुजूर दप्तराचे दोन मुख्य भाग होते. एक चालते दप्तर. त्यात रोजचा व्यवहार, सनदा, सरंजाम, महालांचे वसूल यांच्या नोंदी होत. दुसरे एकबेरीज दप्तर. त्यात साऱ्या शाखांच्या हिशेबांचे गोषवारे एकत्र करून वर्षानुवर्षांचा ताळा ठेवीत, आणि हे दप्तर पुणे सोडून कधी हलत नसे. म्हणजे एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन निराळ्या हातांनी, दोन निराळ्या रीतींनी लिहिली जाई. एकात खाडाखोड झाली तर ती दुसऱ्याशी ताडून उघडकीस येई. शिवाय प्रत्येक दिवसाची रोजकीर्द असे. कोणता कागद कोणत्या दिवशी निघाला, कोणाच्या हुकुमाने निघाला, हे तीत पाहावे. संगणकांच्या जाळ्यातही कोण केव्हा आत आला व त्याने काय केले याची आपोआप टिपणी होत असते. ती टिपणी रोज पाहणारा कारकून मात्र पुष्कळ कचेऱ्यांत नेमलेलाच नसतो.

तीच गोष्ट कागदाच्या अस्सलपणाची. सरकारी पत्राच्या आरंभी शिक्का असे, आणि मजकूर जेथे संपला तेथे मोर्तब करीत. विद्यार्थ्यांस वाटेल की ही केवळ शोभा. तसे नव्हे. शेवटल्या ओळीखाली मोर्तबाचा शिक्का उमटला म्हणजे त्याखाली पुढे कोणास एक अक्षर वाढविता येत नसे. दहा बिघ्यांच्या इनामाखाली आणखी आणिक असे लिहून वीस बिघे करणारे लोक त्या काळीही होतेच. चोरी म्हणजे केवळ कागद पळविणे नव्हे. कागद जागच्या जागी राहून त्यातील आकडा बदलणे ही अधिक घातक चोरी होय, कारण ती कळून येण्यास वर्षे लागतात.

महालांतील व्यवस्थाही अशीच विचारपूर्वक होती. मामलेदाराच्या हाताखाली फडणीस, मुजुमदार, चिटणीस, दप्तरदार, पोतनीस असे दरकदार असत, आणि त्यांस कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नसे. कागदावर प्रत्येकाची खूण पाहिजे. एकाने गैर केले तर दुसऱ्याने हुजुरास कळवावे. ही पद्धत नानांनी नव्याने काढली असे नाही, ती त्यांच्या पूर्वीपासूनची. परंतु पद्धत असणे निराळे आणि ती रोजच्या रोज चालविणे निराळे, व नानांचा मोठेपणा या दुसऱ्या गोष्टीत होता.

दप्तर घरचे, बातमी बाहेरची. नानांच्या बातमीदारांचे जाळे हिंदुस्थानभर पसरलेले होते. हैदराबादेस कृष्णराव काळे व त्यांचे पुत्र गोविंदराव, दिल्लीस हिंगणे, कलकत्त्यास लाला सेवकराम असे वकील बसलेले असत, आणि त्यांची पत्रे जासुदांच्या जोड्या दिवसरात्र पायी घेऊन येत. वकिलाचे पत्र एक, सावकाराचे दुसरे, गुप्त हेराचे तिसरे. तिन्ही जुळले म्हणजे बातमी खरी. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज पनवेलीवरून बोरघाट चढू लागली तेव्हा तिच्या प्रत्येक मुक्कामाची वार्ता पुण्यास येत होती. पुढील जानेवारीत वडगावास त्या फौजेस तह करावा लागला तो काही केवळ तलवारीमुळे नव्हे. तसेच १७९५ च्या मार्चात खर्ड्यास निजामाशी गाठ पडली, त्यापूर्वी हैदराबादच्या दरबारातील हालचाल काळ्यांच्या पत्रांतून नानांपुढे आलेली होती.

परंतु आतला माणूस फितला तर बाहेरच्या तटाचा काय उपयोग? ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो वाड्याचे रक्षण करणाऱ्या गारद्यांच्याच हातून. त्यानंतर राघोबादादांस दूर सारण्यासाठी जे बारभाईंचे मंडळ उभे राहिले त्यात नाना व सखारामबापू बोकील प्रमुख होते. नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई यांस पुरंदरावर नेऊन ठेविले, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. त्या महिन्यांत गडावर कोणी यावे, कोणी येऊ नये, याचा कडक बंदोबस्त होता, आणि तो योग्यच होता. पण चारच वर्षांनी, १७७८ साली, नानांचे चुलत बंधू मोरोबादादा हेच विरुद्ध उठले व राघोबादादांस परत आणण्यासाठी मुंबईकर इंग्रजांशी त्यांनी पत्रव्यवहार केला. सखारामबापूंचे अंगही त्यात होते. मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. बापूंविरुद्ध लेखी पुरावा हाती आल्यावर १७७९ साली तेही कैद झाले आणि कैदेतच वारले. एक आपल्या रक्ताचा, दुसरा आपल्या मंडळातला. या प्रसंगानंतर नानांचा कोणावरही पुरता विश्वास राहिला नसावा असे आम्हांस वाटते, आणि त्यांस दोष देणे आम्हांस कठीण जाते.

अविश्वासाचेही एक प्रमाण असते, व पुढे पुढे नानांचे ते सुटले. पुण्याचा बंदोबस्त त्यांनी घाशीराम कोतवालाकडे दिला. सर्वांवर नजर ठेवणाऱ्या या माणसावर नजर ठेवण्यास कोणी नव्हते. १७९१ साली त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि जमावाने घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. याहून दुःखद गोष्ट सवाई माधवरावांची. ज्या मुलासाठी नानांनी आयुष्य वेचले तो तरुण पेशवा त्यांच्याच पहाऱ्यात वाढला. १७९५ साली शिवनेरीवर अटकेत असलेला चुलता बाजीराव व हा पेशवा यांच्यात बळवंतराव नागनाथ याच्यामार्फत चोरून पत्रे जाऊ लागली. नानांस ते कळले. बळवंतराव कैदेत पडला, व पेशव्यास कडक शब्द ऐकावे लागले. पत्रे तरी काय होती? एका एकाकी मुलाने आपल्या आप्तास लिहिलेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पेशवे वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाली पडले व २७ तारखेस त्यांचे देहावसान झाले. तो अपघात की आत्मघात, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मुलांचे प्रत्येक पत्र, आणि आता प्रत्येक मोबाइल, उघडून पाहणाऱ्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा अशी आमची विनंती आहे.

यापुढची हकीकत शाळेतल्या त्या संगणकाचीच आहे, फक्त पट मोठा. नानांच्या काळात कारकून शेकड्यांनी होते, वकील होते, जासूद होते. परंतु त्या सर्व धाग्यांची टोके एकाच मुठीत होती. कोणता हेर कोणासाठी काम करतो, कोणत्या सरदारास कोणते वचन दिले आहे, कोठे किती द्रव्य ठेविले आहे, हे सगळे एकट्या नानांस ठाऊक. आपल्यामागे हे कोण पाहील याची तजवीज त्यांनी केली नाही. पुत्र नव्हता, हे खरे. पण शिष्यही तयार केला नाही. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेले असता, सुरक्षिततेचे वचन दिलेल्या मायकेल फिलोज नावाच्या फिरंगी सरदाराने त्यांस पकडले. त्याच रात्री पुण्यात त्यांचा व त्यांच्या पक्षाच्या लोकांचा वाडा लुटला गेला. ज्या अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांनी मोरोबास ठेविले होते तेथेच आता स्वतः जाऊन पडले. पुढल्या वर्षी पैसा भरून सुटले, पुन्हा कारभारात आले. परंतु पूर्वीचे जाळे तुटले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात ते वारले.

त्यानंतर दप्तराचे काय झाले? दुसऱ्या बाजीरावांनी महालांचे वसूल मक्त्याने देण्याचा प्रकार वाढविला. मक्तेदार ठरलेली रक्कम भरतो; मग रयतेकडून किती घेतले याचा हिशेब ठेवावयाचा कोणासाठी? दप्तराचे कारकून कमी करण्यात आले. लोक रुमालच्या रुमाल घरी नेऊ लागले तरी विचारणारा कोणी नव्हता. १८१८ साली पेशवाई गेली व दप्तर इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेविले की १७६३ च्या आगीनंतरची दप्तरे दुसऱ्या बाजीरावापर्यंत मोठ्या व्यवस्थेने ठेविलेली आहेत आणि पुढे ती विसकटली आहेत. शत्रूने दिलेले हे प्रशस्तिपत्र होय. परंतु ज्या शिस्तीने ते दप्तर राखले त्याच शिस्तीमुळे गावोगावची जमीन, इनामे व वसूल यांची माहिती नव्या राज्यकर्त्यांस आयती मिळाली, हेही सांगितले पाहिजे.

हा विषय पुण्या-मुंबईचा, आपला काय संबंध, असे हिंगोलीकरांनी आता समजू नये. औंढा नागनाथजवळ आकाशातील गुरुत्वलहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभारण्यास २०२३ साली केंद्र सरकारने मान्यता दिली आहे. अशा प्रयोगशाळांत संगणक रात्रंदिवस मोजमापे साठवीत असतात व दूरदूरच्या शास्त्रज्ञांकडे पाठवीत असतात. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर निष्कर्ष चुकेल. तार तुटली आणि दुसरी प्रत नसेल तर ती लहर पुन्हा येणार नाही. तेथे बसणारे कारकून, जुन्या शब्दांत फडणीस, कदाचित आज आमच्या आठवीच्या वर्गात बसलेले असतील.

नानांच्या स्वतःच्या कागदांचे भाग्य थोडे निराळे. वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे त्यांचा वाडा आहे. शेजारच्या देवळापाशी एक मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयानंतर तेथील एका पोर्तुगीज चर्चमधून ती आली, आणि तिच्यावर बाळ येशूसह मरियेची आकृती अजून दिसते. या मेणवलीस नानांचा खासगी पत्रव्यवहार राहिला होता. पुण्यातील लुटालुटीपासून दूर, नदीकाठच्या त्या खेड्यात रुमालांत बांधलेले ते कागद जवळजवळ एक शतक तसेच पडून होते. दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या हाती ते दप्तर आले आणि त्यांतील पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. पुण्याच्या सरकारी दप्तरातील कागदांचे वेचे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत छापून काढिले. बाकीचे हजारो रुमाल पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. ते सोडण्यास आता कोणत्याही शिक्क्याची आड येत नाही. मोडी वाचता आली म्हणजे झाले, आणि ती वाचणारे थोडे आहेत.